शितावरून भाताची परीक्षा

श्रावण संपत आला होता. हुबळीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीचा मोबाइलवर निरोप आला, सोबत एका प्रयोगशाळेच्या जाहिरातीचा फोटो. सणानिमित्त महिलांसाठी खास सवलत, एकाच वेळच्या रक्तात साठ-सत्तर तपासण्या, आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘कॅन्सर मार्करसह’. खाली भाचीने एवढेच लिहिले होते, "मावशी, करून घेऊ काय? आईचं तसं झाल्यापासून रात्री झोप लागत नाही."

मी कॉलेजात मराठी शिकवते. रक्तातले मला काय कळणार? पण घरात चार बुकं शिकलेले माणूस म्हटले की सगळ्या विषयांतले प्रश्न त्याच्याकडेच येतात, आणि हा प्रश्न तर माझ्याच बहिणीच्या लेकीचा होता. "थांब, विचारून सांगते," म्हणाले. त्या विचारपूस करण्यातून जे हाती लागले, ते या वेळच्या सदरात मांडते आहे.

आधी आक्काविषयी थोडे सांगायला हवे. आक्का खानापूर तालुक्यात दिलेली. वयाच्या छपन्नाव्या वर्षी तिचे पोट फुगल्यासारखे होऊ लागले. परकराची नाडी रोजच्या खुणेवर बसेना. ताटात दोन भाकऱ्या घेणारी आक्का अर्ध्या भाकरीवर उठू लागली. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागे. विचारले की म्हणायची, "गॅसच की ग तो. ओवा चावला की जातोय." आधी ओवा झाला, मग चूर्ण झाले, मग आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. दुर्बिणीतून जठर तपासले, ते चांगले निघाले म्हणून सगळे निर्धास्त झालो. यात आठ महिने गेले. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा पोटात पाणी झालेले दिसले. क्षयाची शंका घेण्यात आणखी तीन आठवडे गेले. निदान झाले ते अंडाशयाच्या कर्करोगाचे, तिसऱ्या टप्प्यातले. शस्त्रक्रिया झाली, दर तीन आठवड्यांनी एक अशी सहा केमो झाली, वर्षभर बरी राहिली, आणि मग ते परत आले. आक्का जाऊन आता दोन वर्षे होतील.

आमच्याच घरी असे घडले असे मुळीच नाही. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा जागतिक अंदाज आहे. स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या पाठोपाठ स्त्रियांच्या कर्करोगात याचा तिसरा क्रमांक लागतो. पहिल्या टप्प्यात सापडला तर पाच वर्षांनंतर दहातल्या नऊ जणी हयात असतात. पण बहुतेकींमध्ये तो सापडतो तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात. अंडाशय ओटीपोटात खोल, बदामाएवढे. हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. शिवाय या रोगाच्या सर्वांत घातक प्रकाराची सुरुवात अनेकदा अंडाशयातही होत नाही, ती अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी होते, असे आता संशोधक मानतात. तिथून सुटलेल्या पेशी पोटाच्या अस्तरावर पसरतात, तोवर बाईला काही कळलेले नसते.

मग रक्ताची तपासणी का नाही? आहे ना. जाहिरातीतला ‘मार्कर’ म्हणजे बहुधा सीए-१२५ हे प्रथिन. अमेरिकेतल्या रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ते ओळखणारे प्रतिपिंड तयार केले. रक्तात त्याचे प्रमाण ३५ एककांच्या वर गेले की संशय घ्यायचा. अडचण अशी की मासिक पाळी, गरोदरपण, गर्भाशयातल्या गाठी, एंडोमेट्रिऑसिस, यकृताचे आजार, पोटाचा क्षय, यांतही हे प्रथिन वाढते. उलट पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते वाढतच नाही. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात ५० ते ७४ वर्षांच्या दोन लाखांहून अधिक निरोगी स्त्रियांची नोंद करून, काही गटांची दरवर्षी तपासणी करून हा प्रश्न कसाला लावला गेला. निकाल २०२१ मध्ये आला. रक्ततपासणीच्या गटात लवकरच्या टप्प्यातले रुग्ण थोडे अधिक सापडले, पण त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. सोळा वर्षांचा पाठपुरावा आणि उत्तर नकारार्थी. वाचून मला वाईट वाटले.

गणपतीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वडगावातल्या विणकराची मुलगी, बी.एस्सी.ला भाषा विषय म्हणून मराठी घेऊन माझ्या वर्गात बसलेली. आता बेंगळूरच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. करंजीचा तुकडा मोडता मोडता मी तिला विचारले, "अग, तू नक्की करतेस काय?"

"मॅडम, अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी ज्या पुटिका बाहेर सोडतात ना, त्यांतली प्रथिने मोजते."

मी करंजी खाली ठेवली.

पुटिका या शब्दाला वाचकांनी बिचकू नये. संपुट म्हणजे डबी, तेच हे ‘पुट’. पुटिका म्हणजे इवलीशी पिशवी. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःच्या आवरणाचा बारीकसा गोळा करून बाहेर सोडत असते. त्यात त्या पेशीतली प्रथिने, मेद, आनुवंशिक द्रव्याचे तुकडे भरलेले असतात. यातल्या लहान पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, म्हणजे केसाच्या जाडीत शेकड्यांनी ओळीने मावतील एवढ्या. रक्तात अशा अब्जावधी पुटिका फिरत असतात.

गंमत अशी की बराच काळ त्यांना कचरा समजले गेले. १९६७ मध्ये पीटर वुल्फ या ब्रिटिश संशोधकाने रक्तबिंबिकांतून सुटलेले बारीक कण पाहिले आणि त्यांना ‘बिंबिकांची धूळ’ म्हटले. १९८३ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या अपक्व लाल पेशींचा अभ्यास करत होत्या. पेशी पक्व होताना लोह आत घेणारे प्रथिन कुठे जाते, हा त्यांचा प्रश्न. ते पुटिकांत भरून बाहेर टाकले जाते, असे त्यांना दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या फिलिप स्टाल यांच्या गटालाही उंदरांच्या पेशींत तेच दिसले. तरीही ‘पेशीने केर काढला’ एवढाच अर्थ बहुतेकांनी घेतला. पुढे १९९६ मध्ये प्रतिकारशक्तीच्या पेशी पुटिकांमार्फत दुसऱ्या पेशींना जागे करतात हे कळले. २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या गटाने पुटिकांतून आरएनए एका पेशीतून दुसरीत जाऊन कामाला लागतो हे दाखवले. धूळ म्हणून झटकलेली वस्तू टपाल निघाली.

कर्करोगाची पेशीही हे टपाल पाठवते, आणि त्याचा उद्देश चांगला नसतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की अंडाशयाच्या कर्करोगाच्या पुटिका पोटाच्या आतल्या गुळगुळीत अस्तरातल्या पेशी मारतात, आणि मग रोगाला तिथे रुजायला जागा होते. आक्काच्या पोटात सगळीकडे कण पसरले होते असे शस्त्रक्रियेनंतर सर्जन म्हणाले होते, ते मला आठवले.

"पण मॅडम, आमच्या दृष्टीने यात एक आशा आहे," ती म्हणाली. "गाठ दिसत नसली तरी तिच्या पुटिका रक्तात येतात. शितावरून भाताची परीक्षा करायची, तसंच."

मराठीच्या बाईला तिने मराठीतच पकडले. मग मीही विचारले, "मोकळे प्रथिन रक्तात मोजण्यापेक्षा पुटिकेतले मोजण्यात विशेष काय?" तिने कारणे सांगितली. पुटिकेचे आवरण आतल्या प्रथिनांना रक्तातल्या पाचकद्रव्यांपासून जपते. रक्तद्रवातल्या प्रथिनांत निम्म्याहून अधिक एकटे अल्ब्युमिन असते. त्या गर्दीत कर्करोगाचे चिमूटभर प्रथिन हरवून जाते. पुटिका वेगळ्या काढल्या की ती गर्दी हटते. आणि मोकळे प्रथिन कुणाच्या घरचे ते सांगता येत नाही. एकाच पुटिकेवर दोन-तीन खुणा एकत्र सापडल्या, तर ती कोणत्या पेशीतून आली याचा अंदाज बांधता येतो.

आता हे काम चालते कसे, ते तिने सांगितले तसे सांगते. रक्त घेतल्यावर थोड्याच वेळात पेशी वेगळ्या कराव्या लागतात, कारण नळीत पडून राहिल्या तर बिंबिका आणखी पुटिका सोडत बसतात आणि हिशेब बिघडतो. मग तो द्रव यंत्रात घालून फिरवतात. आधी सावकाश, म्हणजे पेशी आणि मोठे तुकडे तळाला बसतात. मग वेगाने, गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर येईल इतक्या वेगाने, तासाभराहून अधिक. ताक घुसळून लोणी काढावे तसे, फक्त इथे हवे ते तळाशी बसते. दुसरी रीत म्हणजे सच्छिद्र मण्यांच्या नळीतून द्रव सोडायचा. लहान रेणू छिद्रांत अडकत उशिरा येतात, पुटिका आधी बाहेर पडतात. तिसरी रीत, पुटिकांवर असणाऱ्या सीडी-९, सीडी-६३, सीडी-८१ या प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे लावून त्यांना पकडायचे. कोणतीही रीत घेतली तरी थोडे अल्ब्युमिन, थोडे कोलेस्टेरॉलचे कण सोबत येतातच. म्हणून या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ आणि पुन्हा २०२३ साली शुद्धतेचे दंडक घालून दिले. हाती आहे ती खरोखर पुटिकाच कशावरून, हे आधी सिद्ध करायचे.

त्यानंतर पुटिका फोडतात. आतली प्रथिने ट्रिप्सिनने ठराविक जागी कापतात. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात अन्न पचवणारे द्रव्य, तेच इथे कात्रीचे काम करते. तुकडे मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात जातात. यंत्र त्यांना विद्युतभार देते, त्यांचे वजन काढते, पुन्हा फोडते, पुन्हा वजन काढते. त्या वजनांवरून संगणक ओळखतो की हे तुकडे अमुक प्रथिनाचे. अखंड प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता यंत्रात घालण्याची युक्ती शोधणारे जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चे नोबेल मिळाले होते.

अशा रीतीने काय सापडले? प्रयोगशाळेत वाढवलेल्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींच्या पुटिकांत दोन हजारांहून अधिक प्रथिने सापडल्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. २०१४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने सोन्याच्या पातळ पत्र्याला अतिसूक्ष्म छिद्रे पाडून त्यावर पुटिका पकडल्या. रुग्णांच्या पोटातल्या पाण्यातल्या पुटिकांवर एपकॅम आणि सीडी-२४ ही दोन प्रथिने अधिक दिसली. २०२३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी सर्वांत घातक प्रकाराच्या पुटिकांवरची आणखी तीन प्रथिने वेगळी काढली. चित्र हळूहळू स्पष्ट होत आहे.

माझा उत्साह वाढलेला पाहून ती मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "मॅडम, २००२ ची गोष्ट सांगू?"

ती गोष्ट प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात अमेरिकेतल्या एमॅन्युएल पेट्रिकॉइन, लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. रक्तातल्या प्रथिनांच्या नक्षीवरून त्यांनी कर्करोगाचे ५० पैकी ५० नमुने ओळखले, आणि कर्करोग नसलेल्या ६६ नमुन्यांपैकी ६३ बरोबर ठरवले. जगभर बातम्या झाल्या. त्या आधारावरची चाचणी बाजारात आणायची तयारीही सुरू झाली. पण ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि त्यांचे सहकारी आकडे पुन्हा तपासायला बसले. त्यांना ती नक्षी दुसऱ्या खेपेच्या आकड्यांत टिकताना दिसेना. काही फरक यंत्राचा भरवसा नसलेल्या भागात होते. रोगी आणि निरोगी नमुने यंत्रावर वेगवेगळ्या वेळी किंवा वेगळ्या तऱ्हेने चालवले गेले असावेत, आणि यंत्राने तोच फरक पकडला असावा, असे त्यांनी दाखवून दिले. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या चाचणीला खीळ घातली.

"म्हणजे भात तपासायच्या ऐवजी पातेलंच तपासलं," मी म्हणाले.

"होय मॅडम. आणि नमुने बरोबर घेतले असते तरी पुढचं गणित होतंच." तिने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर ते मांडून दाखवले. समजा, पन्नाशी ओलांडलेल्या अडीच हजार निरोगी दिसणाऱ्या बायका आहेत आणि त्यांत एकीला हा रोग आहे. शंभरातल्या पंच्याण्णव निरोगी बायकांना बरोबर ‘निरोगी’ म्हणणारी चाचणी आपल्याला उत्तम वाटेल. पण उरलेल्या पाच टक्क्यांच्या हिशेबाने सव्वाशे निरोगी बायकांना ‘कर्करोगाचा संशय’ असा कागद मिळेल. आणि इथे संशय फेडायला सुईने तुकडा घेणे सहसा टाळतात, कारण गाठ फुटून पेशी पोटात सांडायची भीती. शेवटी पोट उघडावे लागते. एकीसाठी सव्वाशे जणींची झोप उडवायची आणि त्यांतल्या काहींची पोटे उघडायची का?

म्हणून पुटिकांच्या प्रथिनांची तपासणी अजून संशोधनाच्या पायरीवर आहे. बहुतेक अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आहेत, आणि पुष्कळदा रोग पसरलेल्यांवरचे. खरा कस लागेल तो साध्या गाठी आणि एंडोमेट्रिऑसिस असलेल्या बायकांतून पहिल्या टप्प्यातली रुग्ण वेगळी काढण्यात, आणि तेही एका गावच्या प्रयोगशाळेत जमले ते दुसऱ्या गावी जमण्यात. "तुझ्या हयातीत होईल का ग?" मी विचारले. ती म्हणाली, "होईल असं समजूनच रोज जाते."

निरोप घेताना तिने भाचीसाठी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. त्या नंतर मी बेळगावातल्या आमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारून पक्क्या केल्या.

पहिली गोष्ट. काही त्रास नसताना सीए-१२५ करून घेण्यात लाभ नाही, पण आईला हा रोग झालेला असताना नुसते बसूनही चालणार नाही. अंडाशयाच्या कर्करोगाच्या साधारण दर पाच-सहा रुग्णांमागे एकीत बीआरसीए या जनुकांतला आनुवंशिक दोष असतो. तो मुलांकडे येण्याची शक्यता निम्मी, आणि मुलगा-मुलगी दोघांकडेही. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर आयुष्यभरात हा रोग होण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या आसपास जाते. तो असल्याचे कळले तर मुले झाल्यानंतर योग्य वयात अंडवाहिन्या व अंडाशय काढून धोका पुष्कळ कमी करता येतो. आक्का असताना ही तपासणी कुणी सुचवली नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही. याची खंत मला आहे.

दुसरी गोष्ट. त्रास असेल तर मात्र हीच सीए-१२५ आणि सोनोग्राफी उपयोगाची आहे. पोट फुगणे, थोडे खाल्ले की पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वरचेवर लघवीला जावे लागणे, हे नव्याने सुरू झाले असेल आणि महिन्यातून बारा-तेरा दिवस होत असेल, तर पन्नाशीच्या बाईने ओवा चावत बसू नये. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनात २०११ पासून हेच लिहिले आहे. ‘गॅस’ नावाचा आजार पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झाला तर तो गॅसच असेल असे धरून चालू नये.

हे सगळे मी भाचीला फोनवर सांगितले. सवलतीचे पॅकेज तिने सोडले. त्या पैशांत भर घालून बेंगळूरला जनुकीय सल्ला घेऊन आली. रक्त देऊन झाले आहे, अहवाल यायचा आहे. "काय यायचं ते येऊ दे मावशी, निदान काय बघायचं ते तरी कळलं," म्हणाली.

पितृपक्षात आक्काच्या तिथीला आम्ही सगळे खानापूरला जमलो. जेवणे चालली होती. आक्काच्या जाऊबाईंनी पानातली अर्धी पुरी तशीच ठेवून हात धुवायला उठू पाहिले. आग्रह केला तर म्हणाल्या, "नको ग बाई, दोन महिने झाले, खाल्लेलं वरच राहतंय. गॅसच असणार."

माझे आणि भाचीचे डोळे एकमेकींकडे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना सोनोग्राफीला नेले. त्या कुरकुरत आल्या. पित्ताशयात खडे निघाले, बाकी सगळे व्यवस्थित. परत येताना बसमध्ये जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्याशा खड्यांसाठी तुम्ही दोघींनी केवढी धावपळ केली!"

भाची हसली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. आक्काला असेच ओढत न्यायला हवे होते.